कोयनेचे सहा दरवाजे आणि एक ग्राफिक्स कार्ड: हलत्या भागांच्या कॉम्प्युटर कॅबिनेटचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात नऱ्हे भागात एक छोटी कार्यशाळा आहे. मुख्य काम गणेशोत्सवातल्या हलत्या देखाव्यांचं. एरवी प्रदर्शनातली मॉडेलं, दुकानांसाठी फिरते फलक असली कामं चालतात. तिथं जानेवारीत एक वेगळी मागणी आली. ग्राहक मूळचा पाटण तालुक्यातला, पुण्यात व्हिडिओ एडिटिंग आणि थ्रीडी रेंडरिंग करणारा तरुण. त्याला कोयना धरणाच्या आकाराचं कॉम्प्युटर कॅबिनेट हवं होतं. वरून चित्र चिकटवलेला डबा चालणार नव्हता. सांडव्याचे सहाही वक्र दरवाजे खरोखर उचलले गेले पाहिजेत, आणि ते ग्राफिक्स कार्ड जसं तापेल तसे, ही अट होती.

दर पावसाळ्यात कोयनेच्या बातम्या ज्या क्रमाने येतात तोच क्रम त्याच्या डोक्यात होता. आवक वाढली की आधी पायथा वीजगृहाची दोन्ही युनिट सुरू करून २,१०० क्युसेक सोडतात. तेवढ्याने भागलं नाही तर सहा दरवाजे एक फुटाने उचलतात, मग दोन, मग चार. पाण्याच्या जागी उष्णता धरली की कॅबिनेटची कल्पना तयार होते, आणि कल्पना म्हणून ती उत्तमच होती.

आतला माल ग्राहकाचा: मायक्रो एटीएक्स मदरबोर्ड (२४४ × २४४ मिमी), ६५ वॅटचा प्रोसेसर, १५५ मिमी उंचीचा टॉवर कूलर, २७० मिमी लांब आणि सुमारे २०० वॅट घेणारं कार्ड, एसएफएक्स या छोट्या मापाचा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा). कॅबिनेट आणि यंत्रणा मिळून ४२,००० रुपये ठरले. जुलैपासून कार्यशाळेत देखाव्यांशिवाय दुसऱ्या कामाला जागा नसते, त्यामुळे जूनअखेर ही मुदत दोघांच्याही सोयीची होती. नावं आणि ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.

आकार आणि माप

कोयना धरणाची उंची १०३ मीटर. १:२०० या प्रमाणात ती ५१५ मिमी होते, म्हणजे टेबलावर ठेवता येईल अशा कॅबिनेटची उंची आयतीच मिळाली. धरणाची पूर्ण लांबी मात्र त्याच प्रमाणात चार मीटरच्या पुढे जाते. म्हणून फक्त सांडवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा थोडा भाग घेतला. रुंदी ५२० मिमी ठरली: ६२ मिमीचे सहा दरवाजे, ८ मिमीचे सात खांब आणि दोन्ही कडांना उरलेली जागा.

धरणाचा छेद कॉम्प्युटरला सोयीचा निघाला. पाण्याकडची भिंत सरळ उभी, खालच्या अंगाला उतार. तळाशी ३५० मिमी खोली, माथ्याशी ११०. मदरबोर्ड उभ्या भिंतीवर बसवला. ३०० मिमी उंचीवर, जिथं कूलर येतो, तिथं अजून २१० मिमी खोली शिल्लक राहते, त्यामुळे १५५ मिमीचा कूलर सहज मावला. कार्ड त्याच्या खाली, जिथं पोट आणखी मोठं. एसएमपीएस तळाशी उजव्या कोपऱ्यात. केबल जोडायची बाजू डाव्या टोकाच्या भिंतीतून बाहेर.

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर धरणाच्या न सांडणाऱ्या भागाला मागून काँक्रीटचे भक्कम टेकू देण्यात आले. ग्राहकाला ते हवेच होते. त्यातला डावीकडचा पोकळ ठेवून त्यात पॉवरचं बटण आणि यूएसबीची दोन तोंडं बसवली. दिसायला ती जागा बेमालूम आहे.

बाहेरचं आवरण खऱ्या काँक्रीटचं करायचं का, यावर बरीच चर्चा झाली. उताराची बाजू भरते ०.३ चौरस मीटरच्या आसपास. १० मिमी जाडी धरली तर एकट्या त्या बाजूचं वजन सात किलो, वर भोक पाडायला गेलं की कड फुटते आणि सिमेंटची धूळ फॅनमध्ये जाते. शेवटी ३ मिमी एसीपी (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल) शीट घेतली. पाठीमागून राउटर यंत्राने व्ही आकाराची खाच पाडली की ती हवी तशी दुमडते, टेकूंच्या कडा त्याच पद्धतीने निघाल्या. वर सिमेंट टेक्स्चरचा हात. आतला सांगाडा १.२ मिमी सीआर (कोल्ड रोल्ड) पोलादी पत्र्याचा, आणि मदरबोर्डची प्लेट भंगारातल्या जुन्या कॅबिनेटमधून कापून घेतलेली. शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण स्टँडऑफची (बोर्ड प्लेटपासून उचलून धरणाऱ्या खुंट्यांची) भोकं अर्धा मिमी जरी चुकली तरी बोर्ड ताणला जातो. कारखान्यात पाडलेली भोकं फुकट मिळत असतील तर घ्यावीत.

एसीपीच्या दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, पण वर रंग आणि मध्ये प्लॅस्टिक. त्यामुळे पॅनेल सांगाड्याला स्क्रूने आवळलं म्हणून अर्थिंग झालं असं होत नाही. प्रत्येक पॅनेलला एका ठिकाणी रंग खरवडून, दातेरी वायसर घालून सांगाड्याशी जोडलं. हे बहुतेक हौशी कामांत राहून जातं.

खरी अडचण

मागणीत तीन गोष्टी होत्या: दरवाजे हेच हवा बाहेर पडण्याचे मार्ग असावेत, ते फुटाफुटाने उचलता यावेत, आणि रात्री रेंडर लावल्यावर त्यांचा आवाज येऊ नये.

पहिल्या मागणीचं गणित सुरुवातीलाच मांडलं गेलं. एक दरवाजा ६२ × ४० मिमी. सहाही पूर्ण उघडले तर १४९ चौरस सेंमी. १२० मिमीच्या एका फॅनचं मधला गाभा वगळून उघडं क्षेत्र सुमारे ९० चौरस सेंमी, दोनांचं १८०. म्हणजे सांडवा पूर्ण मोकळा केला तरी दोन फॅनना तो अपुरा. आणि १:२०० मध्ये एक फूट म्हणजे दीड मिमी. सहा दरवाजे एक फुटाने उचलले तर फट मिळते साडेपाच चौरस सेंमी. पाण्याला ती फार मोठी असते कारण मागे धरणभर दाब असतो. कॅबिनेटमधल्या फॅनचा दाब त्याच्यापुढे काहीच नाही.

त्यामुळे ठरलं ते असं: गार हवा खालून दोन १२० मिमी फॅनने आत, गरम हवा मागच्या उभ्या भिंतीच्या वरच्या भागातून दोन १२० मिमी फॅनने बाहेर, आणि हे चारही फॅन दरवाज्यांवर अवलंबून नसतील. दरवाजे उघडले तर 'जादा विसर्ग', बंद राहिले तरी काम अडणार नाही. हवा आत घेण्याच्या फटी पायथा वीजगृहाच्या इमारतीत लपवल्या आणि धुळीची जाळी तिच्यातूनच खणासारखी बाहेर निघेल अशी केली. ग्राहकाला हे पटेना.

"काका, पायथ्यातून पाणी बाहेर पडतं, आत शिरत नाही."

"अरे, पण गार हवा खालूनच घ्यावी लागते. वरची गरम हवा पायथ्याला आणून सोडली तर तीच परत आत ओढली जाईल."

इथे कारागिराने पडतं घेतलं नाही ते बरं झालं.

धुक्याचं पाणी दाखवायची सूचनाही आली होती, अल्ट्रासॉनिक बाष्पयंत्र लावून. ती तिथल्या तिथे नाकारली गेली. चालू मदरबोर्डपासून वीतभर अंतरावर मुद्दाम दमट हवा सोडणं हा प्रयोगाचा विषयच नाही. पाण्याच्या जागी दुधी ॲक्रिलिक आणि त्यामागे पळत्या उजेडाची एलईडी पट्टी आली.

दरवाजे हलवायचे कसे: तीन पर्याय

पहिला पर्याय देखाव्यांच्या रोजच्या सरावातला: एकच सिंक्रोनस मोटर, एक लांब दांडा, त्यावर सहा कॅम (दांड्याबरोबर फिरून वर-खाली हालचाल देणाऱ्या चकत्या). ही मोटर मिनिटाला पाच-सहा फेरे मारते, आवाज नगण्य, दहा दिवस अखंड चालते. दोन कारणांनी बाद झाली. ती २३० व्होल्टवर चालते आणि ते व्होल्टेज कॅबिनेटच्या आत उघड्या जोडण्यांतून फिरवणं बरोबर नाही. शिवाय कॅम एकाच ठरलेल्या लयीत वर-खाली करतो. 'आता तीन फुटांवर थांब' हे त्याला सांगता येत नाही.

दुसरा पर्याय सहा छोट्या सर्वो मोटरी, म्हणजे सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणाऱ्या. नऊ ग्रॅमच्या नेहमीच्या निळ्या सर्वो स्वस्त, जोडायला सोप्या. दरवाज्याची त्रिज्या ६० मिमी, म्हणजे एक फूट उचलायला साधारण दीड अंश फिरावं लागतं. या दर्जाच्या सर्वोचा अचूकपणाच एक अंशाच्या आसपास असतो, त्यात प्लॅस्टिकच्या दात्यांमधला ढिलेपणा. चार-पाच फुटांखालची हालचाल विश्वासाने दाखवता आली नसती. दुसरं म्हणजे जागेवर थांबलेली सर्वो सतत बारीक गुणगुणते, आणि सहा एकदम सुरू झाल्या तर क्षणभर तीन-चार अँपिअर ओढतात.

तिसरा पर्याय २८बीवायजे-४८ ही गिअर असलेली, पावलापावलाने फिरणारी स्टेपर मोटर, प्रत्येक दरवाज्याला एक, आणि दोरीने उचलणं. खऱ्या धरणातही दरवाजे वरच्या पुलावरच्या यंत्राने तारेच्या दोराने उचलतात. या मोटरीला एका फेऱ्याला २०४८ पावलं लागतात. ८ मिमी व्यासाच्या रिळावर एका फेऱ्यात २५ मिमी दोरी गुंडाळली जाते. हिशेब केला तर एक फूट म्हणजे सुमारे १२४ पावलं. एवढ्या बारकाईने फूट मोजता येतो हे कळल्यावर निर्णय झालाच. मिनिटाला १२ फेऱ्यांच्या वेगाने ४० मिमी उचलायला आठ सेकंद लागतात आणि दरवाजा जडपणे वर येतो, बघताना तो खरा वाटतो. बंद अवस्थेत कॉइलचा प्रवाह तोडला तरी गिअरमुळे दरवाजा जागेवर राहतो. कुणी बोटाने दरवाजा वर ढकलला तर दोरी नुसती सैल पडते, दाते मोडत नाहीत.

तोटाही दोरीचाच. ती ओढू शकते, ढकलू शकत नाही. दरवाजा खाली येतो तो केवळ स्वतःच्या वजनाने.

दरवाज्यांची यंत्रणा

दरवाज्याची पाठ ०.५ मिमी ॲल्युमिनियम पत्र्याची, ५० मिमी त्रिज्येच्या पाइपावर वळवलेली. पत्रा थोडा उलगडतो, म्हणून ६० च्या त्रिज्येसाठी पाइप ६० च्या त्रिज्येचा घेऊन चालत नाही. बाजूचे हात २ मिमी ॲक्रिलिकचे, लेझर कट. बिजागरी म्हणून ३ मिमी स्टेनलेस सळई, खांबांमध्ये पीएलए या प्लॅस्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केलेल्या बुशांत (सळई फिरते त्या छोट्या नळ्यांत).

तयार दरवाजा १८ ग्रॅम भरला आणि तेवढ्या वजनाला दोरी ताठ राहीना. साधी नायलॉनची मासेमारीची दोरी रिळाची वळणं लक्षात ठेवते. ती बदलून ०.२ मिमीची विणीची दोरी घातली आणि खालच्या कडेला मासेमारीची शिशाची वजनं चिकटवून दरवाजा ३० ग्रॅमपर्यंत नेला. लोखंडाची पट्टी टाळली, कारण शेजारी चुंबक येणार होता. दोरीची गाठ घट्ट केल्यावर तिच्यावर इन्स्टंट ग्लूचा एक थेंब हवाच, विणीच्या दोरीची गाठ आपोआप सुटते.

दरवाजा पूर्ण बंद झाला हे ओळखायला आधी लिव्हरचा मायक्रोस्विच लावला होता. तो दाबायला जेवढा जोर लागतो तेवढा ३० ग्रॅमच्या दरवाज्यात नाही, स्विच दरवाज्यालाच अडवून धरायचा. मग चुंबक जवळ आला की ओळखणारा ए३१४४ हॉल सेन्सर आणि ३ मिमीचा चुंबक. स्पर्शच नाही, त्यामुळे अडथळाही नाही.

सहा मोटरींना प्रत्येकी चार तारा आणि सहा सेन्सर, एकूण तीस पिना. म्हणून आर्डुइनो मेगा २५६० (प्रोग्रॅम करता येणारा छोटा कंट्रोल बोर्ड). मोटरी यूएलएन२००३ ड्रायव्हर बोर्डांवर, म्हणजे मेगाच्या सांगण्यावरून मोटरींना प्रवाह देणाऱ्या. सगळा माल पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत मिळाला. एका मोटरीला १७० ते २०० मिलिअँपिअर लागतात, सहा एकदम चालल्या तर एक अँपिअरच्या वर. मदरबोर्डच्या यूएसबी २.० जोडणीतून ५०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त घेऊ नये, म्हणून मोटरी आणि एलईडीसाठी ५ व्होल्ट थेट एसएमपीएसच्या मोलेक्स तारेवरून, मध्ये फ्यूज आणि १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ग्राउंड समाईक, यूएसबी फक्त मेगासाठी आणि संदेशांसाठी.

मोटरी थेट एसीपीवर आवळल्या तेव्हा अख्खा उतार ढोलकीसारखा वाजू लागला. २ मिमी सिलिकॉनचे तुकडे मध्ये घातल्यावर आवाज फॅनच्या आवाजात विरला.

कार्डाचं तापमान लिब्रे हार्डवेअर मॉनिटर या सॉफ्टवेअरमधून वाचून दर सेकंदाला मेगाकडे पाठवलं जातं. पहिल्या आवृत्तीत आकडा हलला की दरवाजे हलायचे, दिवसभर टिकटिक. नंतर ३० सेकंदांची सरासरी घेतली आणि उचलण्याची व उतरवण्याची पातळी पाच अंशांनी वेगळी ठेवली. ६० अंशांना एक फूट, तिथून पुढे टप्प्याटप्प्याने.

उदबत्तीची चाचणी आणि पहिला मोठा निर्णय

फेब्रुवारीत सगळं जोडून अर्धा तास रेंडर चालवलं, खोलीचं तापमान २७ अंश. दरवाजे बंद असताना कार्ड ७१ अंशांवर स्थिर. दरवाजे पूर्ण उघडल्यावर ७५.

उघडल्यावर तापमान वाढलं. पेटलेली उदबत्ती तिसऱ्या दरवाज्यासमोर धरल्यावर कारण दिसलं: धूर बाहेर ढकलला जाण्याऐवजी दरवाज्यातून आत शिरून सरळ मागच्या फॅनकडे जात होता. खालच्या फॅनपुढे धुळीची जाळी, त्यामुळे आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा कमी, आणि कॅबिनेटमध्ये किंचित ओढ तयार झालेली. मागचे फॅन दरवाज्यांच्या बरोबर समोर, हातभर अंतरसुद्धा नाही. दरवाजे उघडले की त्यांना खोलीतली हवा सोपी मिळते, मग कार्डाभोवतीची गरम हवा ओढायची गरजच उरत नाही.

तीन मार्ग होते. मागचे फॅन काढून टाकायचे आणि आत दाब तयार करायचा, म्हणजे दरवाज्यातून हवा खरंच बाहेर पडली असती. पण मग दरवाजे बंद असताना गरम हवेला वाट उरत नाही, म्हणजे पुन्हा थंडावा एका दोरीच्या भरवशावर. दुसरा मार्ग, दरवाजे दोन-तीन फुटांपलीकडे उचलायचेच नाहीत. तिसरा, दरवाज्यांमागे बंद कप्पा करून त्यांचा आतल्या हवेशी संबंधच तोडायचा.

तिसरा निवडला. दरवाज्यांमागे १.५ मिमी ॲल्युमिनियमचा पडदा, कडांना फोमची पट्टी. कप्पा ४३० × ७० × ८० मिमी, त्यात सहा मोटरी, सहा ड्रायव्हर आणि एलईडी. ग्राहकाला थोडं वाईट वाटलं कारण 'खरा विसर्ग' ही मूळ कल्पना गेली. पण दरवाजे उघडे असतानाही कार्ड ७१ वर आलं आणि विषय मिटला. निर्णय योग्यच होता. त्याच्यानंतर एक चाचणी व्हायला हवी होती ती झाली नाही: बंद केलेल्या कप्प्याच्या आत किती तापतं, हे कुणी मोजलं नाही. सगळ्यांचं लक्ष कार्डाच्या आकड्यावर होतं आणि तो आकडा समाधानकारक होता.

मे महिन्यातला बिघाड

एप्रिलअखेर कॅबिनेट दिलं. मेच्या मध्यात, दुपारपासून लावलेल्या लांब रेंडरमध्ये तिसरा दरवाजा अर्ध्यावर अडकला. चौथा बंद होण्याचा आदेश मिळाल्यावर आधी खाली आला आणि मग हळूहळू वर जाऊ लागला. काही वेळाने तिसऱ्या मोटरीतून गुरगुर ऐकू येऊ लागली.

उघडून पाहिल्यावर साखळी लक्षात आली. मोटरी थांबल्यावर कॉइलचा प्रवाह तोडायचा असं ठरलं होतं, पण प्रोग्रॅममध्ये ते झालंच नव्हतं. प्रत्येक मोटर थांबलेली असतानाही पाऊण-एक वॅट खात होती. एलईडी ५२, डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या. पूर्ण पांढऱ्या उजेडाला प्रत्येकी ६० मिलिअँपिअर, म्हणजे एकूण तीन अँपिअर. पाण्याच्या फिक्या निळ्या रंगात त्याच्या निम्मे धरले तरी सात-आठ वॅट. एकूण बारा-तेरा वॅट उष्णता, बंद कप्प्यात, खोली ३८ अंशांवर, तास न् तास. कप्प्यात थर्मामीटर घातला तर ६१ अंश.

पीएलए साठच्या आसपास मऊ पडतं, आणि सतत दाब असेल तर त्याच्या आधीपासूनच हळूहळू सरकतं. मधल्या दोन दरवाज्यांची बुशं सर्वांत जास्त तापली. गच्च बसवल्यामुळे त्यांच्यात ताण होताच, भोकं अंडाकृती झाली, सळई अडकली. दरवाजा खाली येईना, मोटर मात्र दोरी सोडत राहिली. तिसऱ्याची सैल दोरी रिळावरून उतरून दांड्याला गुंडाळली गेली.

चौथ्याचं वागणं जास्त शिकवणारं. तो खाली आला, पण बुश एका बाजूला कलल्याने चुंबक सेन्सरपासून दूर राहिला. प्रोग्रॅमला 'बंद झालं' हा निरोप मिळालाच नाही, मोटर सोडतच राहिली. दोरी पूर्ण उलगडल्यावर तेच रीळ त्याच दिशेने फिरत राहिलं की दोरी उलट्या बाजूने गुंडाळू लागते, आणि 'खाली' म्हणता दरवाजा वर जातो. दोरीच्या रिळावर काम करणाऱ्या प्रत्येकाने हा सापळा गृहीत धरूनच प्रोग्रॅम लिहावा.

या सगळ्यात रेंडर मात्र थांबलं नाही. कार्ड त्या दिवशी ८१ अंशांवर होतं, ३८ अंशांच्या खोलीत ते अपेक्षितच. दरवाजे निकामी झाले तरी थंडाव्यावर ओरखडा उठला नाही.

दुरुस्ती

बुशं पितळेची झाली, ३ मिमी आतल्या व्यासाची, खांबांत इपॉक्सीने बसवलेली. मोटरींचे ब्रॅकेट पीईटीजीमध्ये पुन्हा प्रिंट केले, ते ऐंशीच्या आसपासपर्यंत टिकतं. प्रत्येक हालचालीनंतर कॉइल बंद. एलईडीची तीव्रता २० टक्क्यांवर मर्यादित, आणि दरवाजे बंद असतील तर एलईडीही बंद, जे धरणाच्या दृष्टीनेही बरोबरच आहे. पुलाच्या कठड्याखाली, बाहेरून दिसणार नाहीत अशा दहा फटी. एवढ्यावर त्याच दर्जाच्या उन्हाळ्यात कप्पा खोलीपेक्षा पाच-सहा अंशच वर राहू लागला. वेगळा फॅन लागला नाही.

प्रोग्रॅममध्ये पावलांची मर्यादा आली. पूर्ण उचल ३,२६० पावलांची, म्हणून ३,६०० पावलांत सेन्सर लागला नाही तर ती मोटर बंद आणि त्या दरवाज्यामागचा एक एलईडी लाल.

आणखी एक दोष याच वेळी सापडला, जो आधी 'कधीकधी दरवाजे तिरके दिसतात' एवढ्यावर सोडून दिला होता. कॉम्प्युटर बंद केला की मोलेक्सचे ५ व्होल्ट जातात, पण मदरबोर्ड यूएसबीला स्टँडबायचा पुरवठा चालू ठेवतो. मेगा जागी राहते. दहा सेकंद निरोप आला नाही की दरवाजे उतरवायचे असा नियम असल्याने ती पावलं मोजायला लागते. मोटरींना वीज नाही, दरवाजे हलत नाहीत, मेगाच्या मते मात्र सगळे बंद झालेले. सकाळी सुरू केल्यावर मेगा नव्याने सुरू होतच नाही, त्यामुळे शून्यस्थिती तपासलीही जात नाही. उपाय साधा: मोलेक्सचे ५ व्होल्ट रोधकांतून एका पिनेवर आणून पाहायचे. ते नसतील तर हलायचं नाही, परत आले की आधी सगळे दरवाजे शून्यावर आणायचे. मेगाच्या ५ व्होल्टच्या पिनेला मोलेक्स थेट जोडण्याचा मोह इथे टाळला, कारण त्यातून यूएसबीकडे उलटा पुरवठा जाऊ शकतो.

निष्पत्ती

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कॅबिनेट परत गेलं. त्यानंतर एकच तक्रार आली: पाचव्या दरवाज्याची दोरी ॲक्रिलिकच्या खाचेत घासून विरली होती. लेझरने कापलेली कड हाताला गुळगुळीत लागते, दोरीला ती करवत असते. सहाही खाचांत पितळेच्या बारीक रिंगा बसवल्या.

पैशाच्या बाजूने काम फायद्याचं झालं नाही. सामान अंदाजाइतकंच लागलं, पण दरवाज्यांचा कप्पा दुसऱ्यांदा बांधण्याची मजुरी कुणी मोजली नव्हती. ती कार्यशाळेने सोसली, दोरीच्या रिंगांचे पैसे ग्राहकाने दिले.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठी उणीव रचनेत होती. दरवाज्यांचा कप्पा एसीपीच्या उताराला आतून चिकटवलेला होता. तो काढायला आधी कार्ड, मग कूलर, मग मागचे फॅन काढावे लागत. हेच कारागीर देखाव्यात प्रत्येक हलती मूर्ती वेगळ्या पाटावर बसवतात, उत्सव चालू असताना पाट बाहेर ओढून दुरुस्ती करता यावी म्हणून. तीच सवय इथे लावायला हवी होती: पुलाचा माथा उचलला, चार स्क्रू आणि एक कनेक्टर काढला की सगळा कप्पा वर निघेल असा. दोरी दर वर्षी-दोन वर्षांनी बदलावी लागणार हे उघड असताना तर नक्कीच.

दुसरं, चाचणीचा काळ. अर्ध्या तासात कार्डाचं तापमान स्थिर होतं, बंद कप्प्याचं होत नाही. ज्या खोलीत कॅबिनेट वापरायचं तिथल्या मेमधल्या दुपारचं तापमान धरून, खोली तेवढी गरम नसेल तर कॅबिनेटवर खोकं पालथं घालून, चार-पाच तास चालवायला हवं. थर्मामीटरचं टोक प्रत्येक कप्प्यात, केवळ प्रोसेसर आणि कार्डाच्या आकड्यावर न थांबता. दहा किलो-ओहमचा थर्मिस्टर (तापमान मोजणारा बारीक रोधक) काही रुपयांना मिळतो. तो कप्प्यात कायमचा ठेवून ५० अंशांपुढे एलईडी आपोआप मंद करणं मेगाला अजिबात अवघड नाही. या कॅबिनेटमध्ये ते अजून केलेलं नाही, दोन ॲनालॉग पिना त्यासाठी मोकळ्या ठेवल्या आहेत.

पीएलए वापरण्याचा निर्णय मात्र चूक म्हणता येत नाही. मापं ठरेपर्यंत बुशं अनेकदा बदलावी लागली आणि तेव्हा पीएलएच सोयीचं होतं. चूक झाली ती नमुन्याचे भाग तसेच अंतिम कामात राहिले ही. नमुन्यासाठी वेगळ्या, डोळ्यात भरेल अशा रंगाचं फिलामेंट वापरायचं आणि कॅबिनेट देण्याआधी आत तो रंग कुठे दिसत नाही ना हे बघायचं, असं कार्यशाळेने त्यानंतर ठरवलं. आता तिथे नमुन्याचे सगळे भाग नारिंगी असतात.